भूमिकाक्रीडेतील नियमांचा प्रश्न

खेळाचे नियम थोडे असावेत की पुष्कळ असावेत, हा प्रश्न वरवर पाहता खेळाडूंचा आहे; साहित्यसमीक्षेने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही दिसत नाही. परंतु ज्या खेळात माणूस नुसती सोंगटी न हलवता स्वतः एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राच्या तोंडून बोलतो आणि त्याच्या वतीने निर्णय करतो, त्या खेळात नियमांचा विचार नाट्याच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही. असा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्त्य देशांत वाढला असून आपल्या मोठ्या शहरांतील तरुण मंडळींतही तो आता खेळला जातो. त्याला 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्याला भूमिकाक्रीडा म्हटले आहे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चारपाच मंडळी एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. प्रसंगाचे वर्णन करणे, गाव, अरण्य, शत्रू, वाटसरू यांचे जग उभे करणे हे त्याचे काम. इतरांपैकी प्रत्येकाकडे एकेक पात्र असते. रंगमंच नाही, वेष नाही, प्रेक्षक नाहीत आणि आधी लिहिलेली संहिताही नाही. आपले पात्र काय करू पाहते ते खेळाडू तोंडाने सांगतो. ते त्याला साधले की नाही, हे मात्र त्याने स्वतः ठरवावयाचे नसते. ते छापील नियम ठरवतील, फासा ठरवील किंवा सूत्रधार ठरवील. या तिघांत निर्णयाची वाटणी कशी करावयाची, यावरच सोप्या आणि अवघड नियमांचा सारा वाद उभा आहे. एका पक्षाला एका पानावर मावणारे नियम पुरेसे वाटतात, तर दुसऱ्याला तीनशे पानांचा ग्रंथही अपुरा वाटतो.

या वादाचे मूळ लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या बॅरन फॉन राइसविट्झने १८१२ साली आपल्या राजापुढे युद्धक्रीडेची एक मांडणी ठेवली, आणि १८२४ साली त्याच्या मुलाने, जो लष्करात अधिकारी होता, तिचे नियम सुधारून प्रसिद्ध केले. नकाशा, सैन्याच्या तुकड्या दाखविणारे ठोकळे, फासे आणि हानीची कोष्टके ही तिची सामग्री होती. मध्ये एक पंच बसे. पण त्याचा बराचसा वेळ हिशेब करण्यात जाई. अर्ध्या शतकानंतर, १८७६ साली, व्हर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने कोष्टके आणि फासे बाजूला ठेवण्याचा पुरस्कार केला. युद्ध पाहिलेल्या पंचाने आपल्या अनुभवाने निवाडा द्यावा, म्हणजे खेळ वेगाने चालेल, अशी ही विचारसरणी होती. पहिल्या प्रकाराला कडक आणि दुसऱ्याला मुक्त युद्धक्रीडा म्हणत. मुक्त क्रीडा सोपी होती यात शंका नाही. पण तिच्यासाठी प्रत्यक्ष लढाई पाहिलेला पंच लागत असे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुस्तकातून जे काढून टाकले, ते पंचाच्या डोक्यात असावे लागले.

पुढे ही युद्धक्रीडा हौशी लोकांच्या हाती आली. १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने मांडलेल्या 'ब्राउनश्टाइन' या खेळात काही खेळाडूंना सैन्याऐवजी त्या नावाच्या नगरातील एकेका माणसाची भूमिका दिली. तो खेळ खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने ती कल्पना वाढविली, आणि गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांनी मिळून केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. त्या पुस्तिकांत पुष्कळ गोष्टी अध्याहृत होत्या. वाचकाजवळ १९७१ सालचे 'चेनमेल' हे युद्धक्रीडेचे पुस्तक असेल, असेही त्यांत गृहीत धरलेले होते. ज्यांचा त्या मंडळाशी संबंध होता त्यांना या मोकळ्या जागा भरता आल्या. बाहेरच्यांना ते अवघड गेले. दुसऱ्याच वर्षी केन सेंट आंद्रे याने 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा अधिक सुटसुटीत, केवळ सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा खेळ काढला. उलट गायगॅक्सने १९७७ ते १९७९ या काळात आपल्याच खेळाची विस्तारलेली आवृत्ती तीन जाड ग्रंथांत दिली. खेळ ओळखीच्या वर्तुळाबाहेर जाऊ लागला, तेव्हा एकाने गरजाच कमी केल्या आणि दुसऱ्याने गृहीत गोष्टी लिहून काढल्या. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच होता.

आता एक उदाहरण घेऊ. एका पात्राला दरी ओलांडून उडी मारावयाची आहे. सोपा नियम सांगेल की सहा बाजूंचा एक फासा टाका. चार, पाच किंवा सहा पडले तर उडी साधली. म्हणजे यशाची शक्यता निम्मी. अवघड नियम विचारील की पात्राच्या पाठीवर ओझे किती, अंगात चिलखत आहे काय, धावायला जागा होती काय, कड्याचा दगड ओला आहे काय. आणि प्रत्येक उत्तरागणिक वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या अंकात अधिक-उणे करील. अशा फाशाच्या एकेका बाजूची किंमत शंभरात पाच असते, त्यामुळे ओल्या दगडाने दोन अंक कमी झाले तर यशाची शक्यता शंभरात दहाने घटते. वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी सहा बाजूंचे तीन फासे घेतले तर हिशेब पुन्हा बदलतो. तीन फाशांच्या २१६ मांडण्यांपैकी अठरा हा अंक एकाच मांडणीत येतो, तर दहा किंवा अकरा मिळून ५४ मांडण्यांत येतात. असा खेळ मध्यम परिणामांकडे झुकतो. त्यात पराक्रम आणि फजिती दोन्ही दुर्मिळ होतात.

यावरून दिसेल की नियम हे जगाविषयीचे विधान असते. ओल्या दगडाला ज्या कोष्टकात स्थान आहे, ते कोष्टक सांगते की या जगात ओला दगड महत्त्वाचा आहे. वीस प्रकारच्या शस्त्रांची जखम वेगवेगळी मोजणारा आणि शब्दाने मन वळविण्यासाठी एकही ओळ खर्च न करणारा ग्रंथ युद्धाच्या बाजूने बोलतो, मग त्याच्या प्रस्तावनेत काहीही लिहिलेले असो. सोप्या नियमांत अशी विधाने थोडी असतात. पण त्यामुळे ते जग रिकामे राहते असे नाही. ते सूत्रधाराच्या आणि खेळाडूंच्या समजुतींनी भरून निघते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की सोप्या नियमांच्या खेळात नियम कमी असतात हा भास आहे. ते अलिखित असतात, आणि सर्वांना आधीपासून ठाऊक असतात म्हणूनच लिहावे लागत नाहीत.

हा मुद्दा आपल्या नाट्यपरंपरेत अधिक स्पष्ट होतो, आणि त्यासाठी तंजावरच्या मराठी राज्याच्या परिसराइतके दुसरे सोयीचे स्थळ नाही. तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान कावेरीच्या सुपीक खोऱ्यात पापनाशम हा तालुका आहे. त्यातील मेलट्टूर या गावी दरवर्षी नृसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भागवतमेळ्याची नाटके रात्रभर चालतात. नायक राजा अच्युतप्पा याने तेथील ब्राह्मण कुटुंबांना भूमिदान केले, आणि त्या कुटुंबांनी ही परंपरा चालविली, असे सांगतात. मेलट्टूरच्या वेंकटरामशास्त्र्यांनी मराठी राजवटीच्या काळात रचलेली नाटके आजही तेथे होतात. 'प्रह्लादचरित्रम्' हे त्यांतील प्रमुख. नाटकाची भाषा तेलुगू, गावाची तमिळ. अभिनय करणारे सारे पुरुष, आणि स्त्रीपात्रेही त्यांनीच करावयाची.

येथील नियमांचे थर पाहण्यासारखे आहेत. प्रारंभी कोणंगी नावाचे विनोदी पात्र येते, मग मुखवटा घातलेला बाल गणपती. त्यानंतर प्रत्येक प्रमुख पात्र आपल्या प्रवेशाच्या 'दरू' या गीतावर नाचत येते. कोणत्या बोलावर कोणते पाऊल, कोणत्या शब्दाला कोणता हस्त, हे सारे ठरलेले आहे. याशिवाय रंगभूमीबाहेरचे नियम वेगळेच. नृसिंहाचा मुखवटा एरवी पूजेत असतो. तो धारण करणारा नट उपोषण करतो. मुखवटा चढला की देवाचा संचार होतो अशी श्रद्धा असल्याने, खांबातून प्रकट झालेल्या नृसिंहाला आवरण्यासाठी माणसे जवळ उभी असतात. भूमिका माणसाला किती दूर नेऊ शकते याची पूर्ण जाणीव ठेवून ही व्यवस्था केलेली दिसते. नियम येथे खेळ अवघड करण्यासाठी नाहीत. माणसाने भूमिकेत शिरावे आणि तिच्यातून सुखरूप परत यावे, यासाठी आहेत.

आता यांतील लिहिलेले किती? हाती येते ती तेलुगू संहिता, म्हणजे पदे आणि संवाद. उरलेले सारे घराण्यांच्या शरीरात आणि स्मरणात आहे. पुस्तकाच्या पानांवरून मोजले तर ही पद्धती सोपी ठरेल. प्रत्यक्षात तिच्याइतकी गुंतागुंतीची नाट्यपद्धती थोडी असेल. तेव्हा पाने मोजून नियमांचे सोपेपण ठरविणे हे मुळातच फसवे माप आहे.

याच दृष्टीने विष्णुदास भाव्यांच्या नाटकांकडे पाहता येईल. १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. त्यांवरून चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यातील पद्धती अगदी मोजकी होती. पदे सूत्रधाराने म्हणावयाची, आणि पात्रांनी प्रसंगानुसार आयत्या वेळी सुचेल तसे गद्य बोलावयाचे. टेबलाभोवतीच्या भूमिकाक्रीडेशी तिचे साम्य वेगळे सांगावयास नको. सूत्रधार प्रसंगाची चौकट उभी करतो आणि तिच्या आत पात्र स्वतः बोलते. राक्षसांच्या आरोळ्यांवरून पुढे या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणविले गेले, आणि वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद बहुधा एक बाल्यावस्था म्हणूनच झाली.

परंतु रावणाचे सोंग घेतलेल्या नटाला आयत्या वेळी बोलता येत होते, याचे कारण काय? रावण कोणापुढे कसा बोलेल, हे त्याने कीर्तनांतून आणि पोथ्यांतून लहानपणापासून ऐकलेले होते. आणि समोरच्या प्रेक्षकांनीही तेच ऐकलेले होते. त्याने मर्यादा सोडली तर ती सुटली हे शेवटच्या रांगेतील माणसालाही कळे. नियमांचा ग्रंथ नव्हता, कारण तो प्रेक्षकांतच बसलेला होता. तळकोकणातील दशावतारी मंडळी पौराणिक कथानकाचा नुसता आराखडा घेऊन आजही रात्रभर आयते संवाद बोलतात, तेही याच बळावर. उलट १८६१ साली वि. ज. कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले, तेव्हा विषय इतिहासातला होता. पेशवा आणि त्याची पत्नी मृत्यूच्या छायेत काय बोलतील, याची पुराणातली वाट कोणालाच ठाऊक नव्हती. तेथे संवाद लिहूनच काढणे भाग होते. १८८० सालच्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त कथा जुनीच होती, पण पदे सूत्रधाराकडून निघून पात्रांच्या मुखी आली. म्हणजे तेथे अधिकाराची वाटणी बदलली. या साऱ्याला आपण प्रगती म्हणतो. ती आहेच, पण कशाची गरज का निर्माण झाली, हे त्या शब्दाने कळत नाही.

तंजावरच्या मराठी नाटकांनी हा प्रगतीचा सरळ क्रम आधीच मोडलेला आहे. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या शहाजी राजांच्या नावावर 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे लिखित मराठी नाटक आहे, आणि ते भाव्यांच्या दीड शतक आधीचे आहे. लिखित नाटक आधी आणि आयते संवाद नंतर, हे कोडे बाल्य-तारुण्याच्या उपमेने सुटत नाही. त्या दरबाराची स्थिती मात्र त्यावर प्रकाश टाकते. राजकुल मराठी, आसपासची प्रजा तमिळ, दरबारी काव्याची रूढ भाषा तेलुगू, विद्येची संस्कृत. शहाजीने तर 'पंचभाषाविलास' या नावाचे, पाच भाषांचे नाटक रचले. अशा सभेत प्रेक्षकांच्या सामायिक स्मरणावर किती भरवसा ठेवता येणार? जेथे समान भूमी अरुंद असते, तेथे ठराव शब्दांत करावे लागतात. सांगलीच्या प्रेक्षकांत ती भूमी रुंद होती. हे अनुमान आहे, हे मान्य करूनही ते विचारात घेण्यासारखे आहे असे वाटते. कारण अमेरिकेत १९७४ नंतरच्या पाच वर्षांत त्या खेळाचे जे झाले, त्याच्याशी ते जुळते.

अलीकडचे एक उदाहरण हीच गोष्ट उलट बाजूने सांगते. जॉन हार्पर याने २०१३ साली 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा खेळ एकाच पानावर दिला. खेळाडूने दोन ते पाच यांपैकी एक अंक निवडावयाचा. अंक मोठा असेल तर पात्र विज्ञान व तर्क यांत तरबेज, लहान असेल तर भावना व माणसे यांत. फासा त्या अंकाच्या खाली किंवा वर पडतो त्याप्रमाणे यश. एवढ्यावर संध्याकाळ सहज रंगते. पण अंतराळयानाच्या कथा दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या माणसालाच ती रंगते. ज्याने अशी एकही कथा ऐकलेली नाही, त्याच्या हाती ते पान दिले तर त्याला काय बोलावे तेच सुचणार नाही. एका पानाच्या मागे असे एक अदृश्य ग्रंथालय उभे असते.

आता दोन्ही पक्षांचे दोष पाहू. सोप्या नियमांत निर्णय व्यक्तीकडे जातो, आणि व्यक्ती पक्षपाती असू शकते. सूत्रधाराच्या मित्राची उडी साधते आणि नवख्याची चुकते, तेव्हा दाद मागावयास आधार राहत नाही. नियम लिहिलेला असेल तर दुबळ्या खेळाडूला त्यावर बोट ठेवता येते. अवघड नियमांच्या बाजूचा हा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे आणि तो नीतीचा आहे. परंतु ग्रंथ वाढला की ग्रंथ पाठ असणाऱ्यांची सत्ता वाढते. मग नवखा पुन्हा मागेच राहतो. सूत्रधाराऐवजी पंडित त्याला गप्प करतो, एवढाच फरक. शिवाय दर दोन वाक्यांनी पान उलटावे लागले तर भूमिकेचा धागा तुटतो, आणि खेळाचे न्यायालय होते.

या पेचातून भरतमुनींनी एक तिसरी वाट दाखवून ठेवली आहे. ज्या नाट्यशास्त्रात १०८ करणे, २४ असंयुत आणि १३ संयुत हस्त सांगितले आहेत, त्याला कोणी संक्षिप्त म्हणणार नाही. तथापि प्रयोगाची सिद्धी ठरविण्याची वेळ येते, तेव्हा तेच शास्त्र कोष्टकावर न थांबता प्राश्निक नेमते. यज्ञाचा जाणकार, नर्तक, छंदाचा व शब्दाचा जाणकार, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक असे दहा जण, आणि ज्याने त्याने आपल्या अनुभवाच्या प्रांतापुरतेच बोलावयाचे. राजाची भूमिका राजा पाहील, धनुष्य धरण्याची रीत धनुर्धर पाहील. निर्णय व्यक्तीकडे दिला, पण एकाच व्यक्तीकडे दिला नाही, आणि प्रत्येकाची कक्षा आखून दिली. आधुनिक भूमिकाक्रीडांतही या दिशेचे प्रयत्न झाले आहेत. जेसन मॉर्निंगस्टारच्या २००९ सालच्या 'फियास्को'त सूत्रधारच नाही; त्याचे अधिकार खेळाडूंत वाटून दिलेले आहेत.

तेव्हा कोणत्याही पद्धतीपुढे, ती टेबलावरची असो वा देवळासमोरची, तीन प्रश्न ठेवावेत. निर्णय अखेरीस कोणाच्या हाती जातो? तो अन्यायाचा झाला तर दाद कोठे मागावयाची? आणि पुस्तकात जे लिहिलेले नाही, ते जाणणारी माणसे भोवती आहेत काय? पहिल्या दोहोंची उत्तरे पुस्तक वाचून मिळतात. तिसऱ्याचे मिळत नाही, आणि पद्धतीचे भवितव्य बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

मेलट्टूरपुढे आज हाच तिसरा प्रश्न उभा आहे. त्या घराण्यांतील पुष्कळ माणसे नोकरीधंद्यानिमित्त शहरांत गेली आहेत. उत्सवाच्या दिवसांत ती गावी परततात आणि आपापल्या भूमिका करतात. पूर्वी गावात राहूनच जे अंगवळणी पडत असे, ते आता शिकवावे लागते. आणि जे शिकवावे लागते ते आज ना उद्या लिहावे लागेल. तसे लिहिणे म्हणजे परंपरेचा ऱ्हास मानण्याचे कारण नाही, तसेच केवळ लिहून ती टिकेल असेही नाही. पाऊल कसे टाकावे हे लिहिता येईल. नृसिंहाला आवरण्यासाठी कोणी, किती जवळ उभे राहावे, हे मात्र ते पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याला शेजारी उभे करूनच दाखवावे लागेल.

मराठी तरुणांच्या टेबलावरही हा प्रश्न निराळ्या रूपाने आहे. ते आज जे खेळ खेळतात त्यांची अलिखित भूमी इंग्रजी अद्भुतकथांची आहे. वारीची वाट, घाटातली चौकी, वाड्यातला वाटणीचा तंटा यांवर कोणी मराठी भूमिकाक्रीडा रचू पाहील, तर त्याने नियमांची पाने मोजण्याआधी आपल्या खेळाडूंना या गोष्टी कितपत ठाऊक आहेत हे तपासावे. ठाऊक असतील तर एक पान पुरेल. नसतील तर त्याला जाड पुस्तक लिहावे लागेल, आणि त्या पुस्तकातला मोठा भाग फाशांविषयी असणार नाही.